भक्तीला किती गुण?

भरतनाट्यमचा वर्ग भूमिप्रणामाने सुरू होतो. विद्यार्थिनी पूर्ण मंडीत बसते, जमिनीला हात लावून ते डोळ्यांशी नेते, मग उभी राहून डोक्यावर हात जोडून देवाला, कपाळासमोर गुरूला आणि छातीपाशी प्रेक्षकांना नमस्कार करते. आता तुला पावलांनी तुडवणार, क्षमा कर, असे धरणीला सांगायचे. सहा वर्षांच्या मुलीला एवढा अर्थ पुरतो. पण तीच मुलगी पुढे विशारद होऊन, पदवी घेऊन स्वतः वर्ग घेणार असेल, तर तिचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना एका प्रश्नाला भिडावे लागते. हा नमस्कार तिला नेटका करता आला की झाले, की त्यामागे श्रद्धाही हवी? नृत्यशिक्षकाची पात्रता ठरवताना भक्ती मोजायची का? माझे म्हणणे, मोजू नये. आणि हे कुठल्या आधुनिक निधर्मीपणाच्या भिडेखातर नव्हे. आपल्याच नाट्यविचाराचा कौल तसा आहे.

आधी इतिहास पाहू, कारण ‘हे नृत्य मुळात भक्तीच आहे’ हे वाक्य शास्त्राच्या उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते. आज ज्याला मार्गम् म्हणतात, तो अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा क्रम बसवण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना दिले जाते. ते तंजावरच्या मराठी दरबारचे कलावंत. १७९८ ते १८३२ या काळात तिथे राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीच्या नावावर तर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. एकच कथा घेऊन ती ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या रचनांमधून उलगडायची, असा त्यांचा घाट. म्हणजे एका अर्थी अभ्यासक्रमच. या दरबारातल्या रचनांचा नायक कधी बृहदीश्वर असतो, कधी गादीवरचा राजा. विरहिणी तीच, तिची तगमग तीच, सखीला धाडलेला निरोपही तसाच. नाचणाऱ्या स्त्रिया देवळाच्याही सेवेत होत्या आणि दरबाराच्याही, त्यामुळे देव कुठे संपतो आणि राजा कुठे सुरू होतो ही रेघ त्यांना आपल्याइतकी ठळक दिसत नसावी.

ती रेघ ठळक झाली १९३०च्या दशकात, मद्रासमध्ये. सदिर या नावाने ओळखला जाणारा नाच ‘भरतनाट्यम’ झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात नृत्य सादर केले, १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली. रंगमंचावर नटराजाची मूर्ती आली, उघड शृंगाराची पदे मागे पडली. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी अर्पण करण्यावर कायद्याने बंदी आली. ज्या घरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती, तिथल्या मुली बाजूला झाल्या आणि वर्गात दुसऱ्याच घरच्या मुली आल्या. टी. बालसरस्वती यांनी याला शेवटपर्यंत विरोध केला: शृंगार मुळातच शुद्ध आहे, त्याला धुऊन घेण्याची गरज नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. त्या स्वतः अश्रद्ध होत्या असे कोणी म्हणणार नाही. रुक्मिणीदेवींचा निर्णयही खोटा नव्हता. त्यांनी शिस्त आणली, प्रतिष्ठा आणली. पण तो एका काळी, काही माणसांनी घेतलेला निर्णय होता, आणि उद्याच्या शिक्षिकेला तो निर्णय म्हणूनच शिकवला पाहिजे. कथकच्या विद्यार्थिनीला तर हे सहज कळावे. परीक्षेत ती गणेशवंदना करते आणि त्याच परीक्षेत आमद व सलामीही सादर करते; सलामीचा रोख गणपतीकडे नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: भक्ती नसेल तर अभिनय कोरडा पडतो, अभिनयदर्पणातल्या अठ्ठावीस असंयुत हस्तांचे पाढे उरतात. यातली कोरडेपणाची भीती खरी आहे, निदान मात्र चुकले आहे. अश्रू, रोमांच, स्वरभेद हे सात्त्विक भाव कुठून येतात, याचा विचार नाट्यशास्त्रात भरताने केला आहे. ज्याला दुःख झालेले नाही त्याने दुःखाचे अश्रू कसे आणावेत, हाच त्याचा प्रश्न, आणि उत्तर आहे सत्त्व, म्हणजे मनाची एकाग्रता. श्रद्धेची अट त्याने घातलेली नाही. त्याच्या आठ रसांत भक्ती नाही. अभिनवगुप्त स्वतः निष्ठावान शैव. तरीही त्याने भक्तीला स्वतंत्र रसाचे स्थान दिले नाही, शांताच्या पोटात घातले. मम्मटाच्या हिशेबी देवाविषयीची रती हा ‘भाव’, रस नव्हे. ही माणसे नास्तिक नव्हती. रंगमंचावर जे घडते ते नटाच्या खासगी भावनेचे प्रदर्शन नसते, प्रेक्षकाच्या मनात काय जागे होते हे महत्त्वाचे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोळाव्या शतकात रूपगोस्वामींनी भक्तीलाच रस मानले, आणि देवळातले नृत्य ही तर पूजाच होती. मग अभिनवगुप्त, मम्मट या काश्मीरच्या पंडितांचा निवाडा सर्वांवर का लादायचा? लादू नये. ज्या संप्रदायात नृत्य सेवा म्हणून होते, तिथे कोण सेवेला योग्य हे त्या संप्रदायाने ठरवावे. पण विद्यापीठ किंवा परीक्षा मंडळ देते ते प्रमाणपत्र, दीक्षा नव्हे. शिवाय परीक्षकाला श्रद्धा दिसणार कशी? कथकलीचे गायक कलामंडलम हैदरअली जन्माने मुस्लिम होते. कृष्णाची पदे गात त्यांनी रात्रीच्या रात्री रंगवल्या, आणि काही देवळांत त्यांना प्रवेश मात्र नव्हता. त्यांच्या मनात नेमके काय होते याचा ठाव ना देवळांना होता, ना श्रोत्यांना. परीक्षक पाणावलेल्या डोळ्यांना गुण देऊ लागला, की वर्षभरात सगळ्या वर्गाचे डोळे पाणावू लागतील. तो अभिनयच झाला, आणि चांगला असेल तर त्याला अभिनय म्हणूनच गुण द्यावेत.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९५६ मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घरातली मुलगी नृत्यवर्गात येते. वर्गात नटराजाची पूजा आहे आणि हिंदू देवतांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा तिच्या आईवडिलांनी घेतलेली आहे. ‘ही आपली परंपरा आहे’ एवढेच सांगणारी शिक्षिका त्या मुलीला गमावते, किंवा घरी खोटे बोलायला शिकवते. भूमिप्रणामातला कोणता भाग शरीर वर्गात आणण्यासाठी आहे, कोणता धार्मिक, आणि कोणता कधी जोडला गेला, हे जिला सांगता येते ती त्या मुलीला निवड देऊ शकते. म्हणून पदवीच्या अभ्यासक्रमात नाट्यशास्त्रातला रंगपूजेचा अध्याय जरूर असावा, बालसरस्वतींची बाजू असावी, तंजावरची मराठी निरूपणेही असावीत, जी आज मराठी विद्यार्थिनींनाच सहसा माहीत नसतात. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला एक प्रश्न असा ठेवावा: एकच विरहोत्कंठिता आधी बृहदीश्वरासाठी करून दाखवा, मग सरफोजीसाठी, नजर, मान आणि हातांची उंची कुठे बदलली ते सांगा, आणि दहा वर्षांच्या विद्यार्थिनीला यातले काय शिकवाल व काय ठेवून द्याल, तेही.