उतारशाळेचा रक्षक

यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवरील जखमी मनुष्याचा दाखला (लूक १०) सांगताना आपण उपदेशक बहुधा शोमरोनी गृहस्थावरच थांबतो. त्याने जखमा बांधल्या, जनावरावर बसवून त्या मनुष्याला उतारशाळेत आणले, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी तो पुढे निघून गेला. मग त्यानंतरच्या रात्री जखमी मनुष्याजवळ कोण जागले? दोन दिनार घेऊन मागे राहिलेला उतारशाळेचा रक्षक. त्याच्यावर कोणी संदेश देत नाही. पण तो नसता तर शोमरोन्याची दया अर्ध्या वाटेवरच संपली असती.

लहान ग्रामीण इस्पितळांचा प्रश्न नेमका येथे आहे. तीस खाटांच्या इस्पितळात सकाळी बाह्यरुग्णांची रांग असते, दुपारी शस्त्रक्रिया असतात, आणि वॉर्डातील फेरी मध्ये सापडेल तेवढ्या वेळात उरकली जाते. दुखणे मात्र वेळापत्रक पाळत नाही. बाळंतिणीचा अतिरक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. मण्यार चावलेल्याचा श्वास रात्री हळूहळू मंदावतो. सिस्टर हे ओळखतात, हाक मारतात. पण येणारा डॉक्टर एकटा आणि दिवसभराचा थकलेला असतो.

केवळ दाखल रुग्णांनाच पाहणाऱ्या डॉक्टरांना अमेरिकेत १९९६ साली वॉक्टर व गोल्डमन यांनी ‘हॉस्पिटलिस्ट’ असे नाव दिले, आणि पुढे ही पद्धत तेथील लहान गावांच्या इस्पितळांतही पोहोचली. आपल्याकडे ही चैन वाटेल. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकडेवारीप्रमाणे ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची सुमारे ८० टक्के उणीव होती. जेथे एक डॉक्टर मिळणे कठीण, तेथे वॉर्डासाठी दुसरा कोठून आणावा?

अडचण खरी आहे. परंतु तिच्या आड आपली एक चुकीची समजूतही लपलेली आहे. मिरजेस १८९४ साली इस्पितळ उघडणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्यासारख्यांच्या कथा ऐकत आपण वाढलो, आणि एकानेच सर्व भार वाहणे म्हणजे समर्पण, असे मनात ठसले. पवित्र शास्त्र वेगळे शिकवते. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला, तेव्हा इथ्रोने त्याची स्तुती केली नाही. अशाने तूही झिजशील आणि लोकही, असे बजावून त्याने काम वाटून देण्यास सांगितले (निर्गम १८). कधीही न झोपणारा रक्षक एकच आहे, असे १२१ वे स्तोत्र सांगते. ती अपेक्षा आपण डॉक्टरकडून करावी, हे त्याच्यावर अन्यायाचे आहे आणि खाटेवरच्या रोग्यावरही.

कोणी म्हणेल, ओळखीचा डॉक्टर बदलला की रोगी परका होतो. हे टाळता येते. पहिल्याने दुसऱ्याला रोगी नीट सोपवावा, तोंडी आणि लेखी. शोमरोन्यानेही तेच केले: काळजी घेण्यास सांगितले, खर्चाची सोय केली आणि परत येण्याचे वचन दिले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून मंडळ्यांनी पुरस्कृत केलेले तरुण डॉक्टर कराराप्रमाणे मिशन इस्पितळांत सेवेस येतात. त्यांच्यावर सगळेच लादले तर मुदत संपताच ते निघून जातील, यात नवल ते काय? त्यांच्यापैकी एकावर वॉर्डाची नेमकी जबाबदारी, ठरलेली विश्रांती आणि अनुभवी डॉक्टरांचा आधार दिला, तर काहीजण राहतीलही. पगाराचा बोजा गरीब रोग्यांवर पडू नये म्हणून आसपासच्या मंडळ्यांनी उपकारस्तुतीच्या दानातून वाटा उचलावा. आणि इतकेही जमत नसेल, तर जितक्या खाटा रात्री राखता येतील तितक्याच ठेवाव्या व बाकीच्यांना वेळीच मोठ्या इस्पितळाकडे पाठवावे. राखण न करता येणारी खाट देणे ही दया नव्हे.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी थोड्यांनाच शोमरोन्याप्रमाणे वाटेवर जखमी मनुष्य भेटेल. परंतु रक्षकाचे दोन दिनार देणे आपणा सर्वांच्या हाती आहे.