आजचं चिंतन : सुखाचे तीन प्रकार आणि व्यसन



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३७ ते ३९.

भगवंत इथे सुखाचे तीन प्रकार सांगतात. सात्त्विक सुख आधी कडू लागतं, पण शेवटी अमृतासारखं होतं. राजस सुख नेमकं उलटं, आधी गोड आणि परिणामी विष. तामस सुख सुरुवातीलाही भुलवतं आणि शेवटीही. मला वाटतं, नशा म्हणजे दुसऱ्या सुखातून तिसऱ्यात घसरणं. आधी मजा असते, नंतर मजाही उरत नाही, फक्त गरज उरते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सूर होता : विकणारे, घेणारे, सगळ्यांना आत टाका!

विकणाऱ्यांबद्दल वादच नाही. एनडीपीएस कायद्यात (१९८५) मेफेड्रोनचं व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमच्या वर सुरू होतं आणि तिथे किमान १० वर्षं सक्तमजुरी आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४अ सुद्धा आहे. थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. कायद्यानं दार उघडं ठेवलंय. बंद करतो ते आपण.

ओळखीतल्या एका काकांनी मुलाला आठ महिने उपचारांना नेलं नाही. का, तर लग्नाचं बघतायत, लोक काय म्हणतील! त्या आठ महिन्यांत विकणारा मात्र नियमित येत होता. आपली लाज ही त्याच्या धंद्याची राखण करते.

नवव्या अध्यायात (श्लोक ३०) भगवंत म्हणतात की अतिशय दुराचारी माणूसही अनन्य भावानं माझ्याकडे वळला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय योग्य आहे. बघा, निश्चय म्हटलंय, यश नाही! १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. 'गर्दुल्ला' आणि 'रुग्णमित्र' या दोन शब्दांत केवढं अंतर आहे!

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टीम पुन्हा पडली तर तिला शिव्या देऊन सोडून देत नाही. कारण शोधतो, परत उभी करतो. मग पुन्हा घसरलेल्या माणसाला एवढीही संधी का नको? उपचारांचे पहिले दिवस त्याला विषासारखेच वाटतात. सात्त्विक सुखाची सुरुवात अशीच असते. तेवढे दिवस कुणीतरी सोबत बसायला हवं.

आजचा संकल्प : दोन नंबर फोनमध्ये सेव्ह करूया. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ आणि विक्रीची माहिती द्यायला १९३३. आणि कुणाच्या घरची अशी गोष्ट कानावर आली, तर ती पुढे न सांगता त्या घरी जाऊया.

रामकृष्ण हरी!