आप्तवाक्य आणि बेडकीचा पाला

बेडकीच्या पाल्याने रक्तातली साखर उतरते, बिवळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहावर गुणकारी असते, मेथी, कारले, जांभळाच्या बिया, गुळवेल ही सगळी साखरेवरची औषधे आहेत, असे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते. कशावरून, असे विचारले की उत्तर बहुधा एकच येते: चरक-सुश्रुतांनी सांगून ठेवले आहे, हजारो वर्षांची परंपरा खोटी कशी असेल? या उत्तरात औषधाविषयी फारसे काही नाही. ज्ञान कशाला म्हणायचे आणि कुणाच्या शब्दावर विसंबायचे याविषयीचा एक सिद्धान्त मात्र त्यात दडलेला आहे, आणि तो सिद्धान्त आपल्या परंपरेचा नाही, असे माझे म्हणणे आहे. जुन्या नैयायिकासमोर किंवा खुद्द चरकासमोर हे उत्तर मांडले असते, तर त्यांनी ते खोडून काढले असते.

वेद प्रमाण का मानायचा, हा प्रश्न न्यायदर्शनापुढे होता. मीमांसकांनी वेद अपौरुषेय ठरवून तो सोडवला. नैयायिकांना ती वाट पटली नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेगळा युक्तिवाद येतो: मंत्र आणि आयुर्वेद जसे प्रमाण, तसा वेदही प्रमाण, कारण त्यांच्यामागे आप्त, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा सांगणारा आहे. आयुर्वेद प्रमाण कसा, हे वात्स्यायनाने भाष्यात उलगडले आहे. अमुक केल्याने बरे वाटते, तमुक टाळल्याने त्रास टळतो, असे आयुर्वेद सांगतो; तसे करून पाहिले की तसेच घडते. इथे आयुर्वेद हा दृष्टान्त आहे, फळावरून सिद्ध झालेला, म्हणून वादी-प्रतिवादी दोघांनाही मान्य. सिद्ध करायचा आहे तो वेद. स्वर्ग कुणी पाहिलेला नाही, उतरलेला ताप मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून दिसणाऱ्या फळाचा हात धरून न दिसणाऱ्याकडे जायचे. आज आपण ही गंगा उलटी वाहवतो. ग्रंथ पवित्र, म्हणून पाला गुणकारी, असे म्हणतो. त्याने पाल्याचे काही बिघडत नाही, पण ग्रंथाच्या पायातली वीट निघते. औषधाचा गुण ग्रंथावरूनच ठरणार असेल, तर त्या गुणावर ग्रंथाची प्रतिष्ठा उभी करणाऱ्या नैयायिकाच्या हातात काहीच उरत नाही.

चरकाची भूमिका याहून स्पष्ट आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात पुनर्जन्म आहे की नाही याची चर्चा करताना तो परीक्षेची चार साधने सांगतो: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. युक्ती हे स्वतंत्र प्रमाण मानणे ही वैद्याची खास दृष्टी. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांच्या संयोगातून पीक येते, हे त्याचे उदाहरण. अनेक कारणे एकत्र आली की एक फळ निर्माण होते, आणि त्यातल्या कशाचा वाटा किती हे ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. मधुमेहाच्या रुग्णाकडे पाहिले की ही बुद्धी इतकी का लागते ते कळते. नुकतेच निदान झालेला माणूस त्याच आठवड्यात चहातली साखर सोडतो, भात कमी करतो, सकाळी चालायला लागतो आणि कुणीतरी दिलेली भुकटीही घेतो. तीन महिन्यांनी साखर उतरली तर श्रेय कशाचे? ते ठरवण्याची आजची रीत अशी: दोन गट करायचे, बाकी सगळे सारखे ठेवायचे, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निर्गुण पुडी द्यायची, आणि कुणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही. ही पद्धत विसाव्या शतकातली असली, तरी ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न चरकाचाच आहे.

बेडकीच्या पाल्याकडे, म्हणजे गुडमारकडे, पाहिले की ही गोष्ट अधिक पटते. हा पाला चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते. पाल्यातले जिम्नेमिक आम्ल जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती काही वेळ मारून टाकते. म्हणूनच तो गुडमार, गुळाला मारणारा. हे प्रत्यक्ष प्रमाण आहे, कुणीही जिभेवर पडताळून पाहावे. पण जिभेवरची गोडी गेली म्हणून रक्तातलीही जाईल, हे अनुमान लंगडे आहे, कारण तोंडात साखर जशीच्या तशी असते, फक्त तिची चव कळत नाही. नाव आणि चव यांच्या या मोहक साम्यातून केवढा विश्वास तयार झाला असेल! तो तपासणारी माणसे आपल्याकडे होती, हे मात्र आपण विसरलो. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928 साली गुडमारवरचे काम प्रसिद्ध केले, त्यांना रक्तशर्करेवर परिणाम आढळला नाही. 1930 साली के. एस. म्हसकर आणि फ्रेंच जेझुइट पाद्री फादर कायस यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत परिणाम आढळल्याचे मांडले. दोन्ही बाजूंपैकी कुणीही ग्रंथाचा दाखला देऊन वाद मिटवला नाही. पुढे कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या महाग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांत म्हसकर आणि कायस हे दोघेही होते. वनस्पतींवर प्रेम करणारीच ही माणसे होती.

बिवळ्याची, म्हणजे विजयसाराची, गोष्ट याच्या पुढची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा आशा वाढवणारा आहे. पण त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे वर विचारलेला श्रेयाचा प्रश्न तसाच राहिला. परिषदेने नंतर टोल्ब्युटामाइड या औषधाशी तुलना करणारी दुहेरी अंध चाचणी हाती घेतली. पहिल्या आकड्यावर जाहिराती छापण्यापेक्षा ही वाट कितीतरी अधिक सश्रद्ध आहे.

यावर पहिला आक्षेप वैद्यांचा असतो, आणि तो हलका नाही. आयुर्वेद रोगाला नव्हे तर रोग्याला औषध देतो. प्रकृती, वय, ऋतू, अग्नी पाहून मात्रा ठरते. एकच गोळी शंभर जणांना देऊन सरासरी काढणे म्हणजे त्या शास्त्राचा जीवच काढून घेणे, असे ते म्हणतात. शास्त्रात भेद आहेत हे खरेच. मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि सुश्रुताने जन्मजात व अपथ्यातून आलेला असे दोन वर्ग केले आहेत. निर्धन रुग्णाने पायात काही न घालता, छत्रीशिवाय, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, एका गावी एकच रात्र काढावी, असा उपचारही सुश्रुतसंहितेत आहे. आजचा मधुमेहतज्ज्ञ यात आपलाच सल्ला ओळखेल, अनवाणी चालणे मात्र तो थांबवील. पण भेद आहेत म्हणजे परीक्षा अशक्य आहे असे होत नाही. चाचणीत एका गटाला वैद्याने प्रकृती पाहून हवे ते द्यावे आणि दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळावेत; निदान वैद्याचे, मोजणी सगळ्यांची सारखी. वनस्पतीतले द्रव्य वेगळे काढणे हाही अपमान नाही. युरोपात मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या गॅलेगा या झाडातल्या द्रव्याचा माग घेत मेटफॉर्मिनपर्यंत वाट गेली; 1922 साली प्रयोगशाळेत तयार झालेले हे औषध 1957 साली पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवर वापरून दाखवले. मूळ झाडातले द्रव्य विषारी होते, मात्रा मोजल्याशिवाय ते कळले नसते.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हेही शेवटी आप्तवाक्यच, रुग्ण कुठे स्वतः चाचणी करून पाहतो? हे मला मान्य आहे. शब्दप्रमाणावाचून माणसाचे चालत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की आप्त कोण, आणि त्याचे उत्तर वात्स्यायनानेच देऊन ठेवले आहे: ज्याने वस्तू स्वतः अनुभवली आहे, ज्याला प्राणिमात्राची दया आहे, आणि जशी वस्तू आहे तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे. लखनौच्या उत्तरेला जानकीपुरममध्ये या तिसऱ्या कसोटीची गोष्ट सांगणारी एक जागा आहे. 1951 साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी वास्तूत सुरू झालेली केंद्रीय औषधी संशोधन संस्था आता तिथे, सीतापूर रस्त्याच्या बाजूला आहे. मेदोवृद्धीविषयीच्या सुश्रुताच्या वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 साली गुग्गुळावर प्रबंध लिहिला, आणि त्या सूत्राचा धागा पकडून या संस्थेने गुगुलिपिड हे कोलेस्टेरॉलवरचे औषध घडवले. ग्रंथ इथे पुराव्याच्या जागी नव्हता, प्रश्नाच्या जागी होता, आणि त्याची खरी जागा तीच. 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढले. अमेरिकी आहार वेगळा, असे त्यावर म्हटले गेले. तेही तपासण्याजोगे अनुमान आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की विरुद्ध निकाल छापला गेला, म्हणून वाद जिवंत राहिला. लखनौतल्याच दुसऱ्या दोन सरकारी संस्थांनी गुडमार, विजयसार, मेथी, गुळवेल, दारुहळद आणि मंजिष्ठा घेऊन बीजीआर-34 हे मधुमेहावरचे औषध तयार केले, ते मात्र आयुर्वेदिक परवान्यावर बाजारात आले. आपल्या 1940च्या औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रमाणग्रंथांची यादी आहे, आणि ग्रंथोक्त औषधाला त्या आधाराचे बळ मिळते. कायद्यानेही नैयायिकाची गंगा उलटी फिरवली आहे.

मग तिसरा आक्षेप उरतो, तो भाविकाचा: झाडपाल्याने नुकसान तर होत नाही ना, श्रद्धा असू द्या. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असे आयुष मंत्रालयाने म्हटले. ते खरे धरले तरी मुद्दा अधिकच गंभीर होतो, कारण घराच्या कुंपणावरची वेल कोणती हे ठरवणार कोण? ज्या लक्ष्मणाचे नाव लोकपरंपरेने लखनौला जोडले आहे, त्याच्यासाठी हनुमंताने अख्खा डोंगर आणला तो औषधी ओळखता आली नाही म्हणूनच. भक्ती डोंगर उचलू शकली, पण त्यातली वनस्पती निवडायला सुषेण वैद्यच लागला. आणि नुकसान केवळ विषाचे नसते, वेळेचेही असते. आईबापांकडून बीजदोषाने आलेला प्रमेह असाध्य आहे, असे चरकसंहिता स्वच्छ सांगते. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याला जानेवारी 1922पूर्वी, म्हणजे टोरोंटोत पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन टोचले जाण्यापूर्वी, तिथेही कुणी वाचवू शकत नव्हते. आज वाचवता येते, आणि त्याचे इंजेक्शन थांबवून पाला देणे याला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला 1954च्या कायद्याने बंदी आहे, तरी तो दावा बाजारात मिळतोच.

याच म्हसकर आणि कायस यांनी 1931 साली सर्पदंशावरच्या झाडपाल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांत रूढ असलेल्या 314 वनस्पती आणि 184 मिश्रणे त्यांनी तपासली. एकही उपयोगी ठरले नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले.