अर्जातला माणूस

कारकुनाचे आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांवर जाते. बदलीचा अर्ज, रजेचा अर्ज, घरबांधणीच्या अग्रिमाचा अर्ज. दिवसभर इतके अर्ज नजरेखालून जातात की, अर्ज म्हणजे माणूस नव्हे, ही साधी गोष्ट आम्ही विसरून जातो. तिची आठवण गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका भाच्याने करून दिली.

हा भाचा अमेरिकेत वाढलेला. सुटीत म्हैसुरास आमच्याकडे आला होता. त्याला डॉक्टर व्हायचे आहे. तिकडे त्यासाठी आधी पदवी मिळवायची, प्रवेशपरीक्षा द्यायची आणि त्यावर शिफारसपत्रे, डॉक्टरांच्या सहवासाचा अनुभव व सेवेचे तास यांची जुळणी करायची. शिवाय 'मला डॉक्टर का व्हावेसे वाटते' हे ५३०० अक्षरांत सांगायचे. काही स्नेह्यांनी येथे रविवारचा मोफत दवाखाना चालविला आहे. त्याची नोंदवही आमच्याकडे असते. भाचा तेथे चार रविवार आला. रांग लावली, क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या, वजने टिपली. एकूण बारा तास. तो परत गेल्यावर त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या थोरल्या आतेबहिणीचा, फोन आला : "अरे, पत्रात एकशेवीस तास लिही. सगळेच लिहितात. एका शून्याने कोणाचे काय जाणार आहे?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हे. कोणी म्हणेल की, दाखल्यासाठी केलेली सेवा ही मुळी सेवाच नव्हे. मग तास बारा काय आणि एकशेवीस काय! आम्हांस हे पटत नाही. देवराज मार्केटात फुले विकणारी एक म्हातारी सुजलेले पाय घेऊन रांगेत उभी होती. भाच्याला कानडीचे एक अक्षर येत नाही. पण त्याने बाक ओढून आणला आणि तिला बसविले. त्या बाकाने म्हातारीला दिलेला विसावा हेतूच्या शुद्धाशुद्धतेवर अवलंबून नव्हता. निष्काम कर्माचा दंडक वीस वर्षांच्या मुलाला लावायचा, तर तो आधी महिनाअखेरीकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां नोकरदारांना लावावा लागेल. स्वार्थाने कामाला हात लावावा आणि काम करताकरता माणूस त्यात गुंतून जावा, असे संसारात नित्य घडते.

तेव्हा दोष हेतूच्या मिश्रणात नाही. तो खोट्या नोंदीत आहे. येथे आम्हांस आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. गोपाळराव टपालखात्यातले कारकून. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर अशा त्यांच्या बदल्या आपल्यालाच शोभणाऱ्या. १८७८ साली त्यांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याकडे पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले, तेव्हा धर्मांतराची सूचना पुढे आली. ती मानली असती, तर वाट सोपी झाली असती. त्यांनी ती मानली नाही. पाच वर्षांनी, जून १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पत्राने प्रवेश मागितला. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्या पत्रात त्यांनी आपण होऊन सांगितले आणि आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देण्याचा हेतू पुढे ठेवला. त्यांना प्रवेश मिळाला. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, कोल्हापूरच्या इस्पितळातील जागेवर रुजू होण्यापूर्वीच, पुण्यात वारल्या. हेतू कृतीत उतरण्यास आयुष्य पुरले नाही. तरी अर्ज खोटा ठरला नाही. अर्जाचा खरेपणा फळावर अवलंबून नसतो, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावे.

आमचे एक सहकारी म्हणतात, "त्यापेक्षा आपली 'नीट' बरी. १८० प्रश्न, ७२० गुण. मनाची झडती नाही." ज्याला हेतू विचारला जात नाही त्याला हेतूबद्दल खोटे बोलावे लागत नाही, हे खरेच. पण ही अवस्था संपूर्ण निर्दोष नाही. २०२४ साली प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आकडाही नटवता येतो, हे तेव्हा दिसले. सरकारी महाविद्यालयांतील शंभरांतल्या पंधरा जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या जागांसाठी आपण कोणत्या राज्याचे, हे सिद्ध करावे लागते. बदलीच्या नोकरीतील आपणां पालकांची परीक्षा तेथे होते. आणि 'का' हा प्रश्न कोणीच न विचारल्यामुळे, १९२४ साली स्थापन झालेल्या येथील वैद्यकीय महाविद्यालयासमोरून रोज शिकवणीला जाणारी कित्येक मुले स्वतःलाही तो न विचारता पुढे जातात.

आम्ही काही सत्याचे पुतळे नाही. प्रवासभत्त्याच्या बिलात रिक्षाचे भाडे आम्हीही कधी चढवून लिहिले आहे. म्हणूनच त्या रात्री लेखणी बराच वेळ अडली. मुलाची वाट एका शून्यावाचून अडली, तर आपल्या सत्यनिष्ठेची किंमत त्याने का भरावी? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हांस आजही देता येत नाही.

परंतु एक विचार मनातून हटेना. डॉक्टराचा व्यवसाय नोंदींवर चालतो. उद्या हाच मुलगा रुग्णाच्या कागदावर रक्तदाबाचा आकडा लिहील आणि रात्रपाळीचा दुसरा डॉक्टर त्यावर विसंबून औषध देईल. तो आकडा खरा असेल, हा विश्वास कोणत्याही प्रवेशपत्राहून मोठा आहे. आणि त्याच्या पहिल्याच कागदावर मामाने खोटा आकडा लिहून द्यावा, हे आम्हांस साधले नाही.

पत्रात आम्ही चार रविवार, बारा तास एवढेच लिहिले आणि खाली त्या बाकाची हकीकत दोन ओळींत घातली. पुढे काय झाले ते अद्याप कळलेले नाही. बहिणीचे फोन कमी झाले आहेत. फुलवाली म्हातारी मात्र अजून येते आणि "तो मुलगा पुन्हा कधी येणार?" असे कानडीत विचारते.