शांती जोडणाऱ्या भगिनी



पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देश यादवी युद्धात होरपळत होता. २००२ साली मन्रोव्हियाच्या एका लुथेरन चर्चमध्ये ख्रिस्ती स्त्रिया शांतीसाठी जमल्या होत्या. त्यांच्यात एकटीच मुस्लिम असलेली पोलीस अधिकारी असातू बा केनेथ उठली आणि आपल्या मुस्लिम भगिनींनाही सोबत आणण्याचे वचन तिने दिले.

काही ख्रिस्ती स्त्रिया कचरल्या. मुसलमानांबरोबर बसल्याने आपली श्रद्धा पातळ होईल, अशी त्यांना भीती वाटली. तरीही २००३ मध्ये दोन्ही धर्मांच्या स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून मासळीबाजाराजवळच्या मैदानात ऊनपावसात एकत्र बसल्या. ऑगस्टमध्ये शांतता करार झाला.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले. त्यांचा धर्म विचारला नाही. आपणही कचरतोच. असातू चर्चमध्ये आली, आपण शेजारच्या मुस्लिम भगिनीच्या दारी कधी गेलो? या आठवड्यात जाऊया.