खऱ्या तारखेचा गुन्हा

१ जानेवारी २०१० रोजी जगभरच्या अनेक ईमेल सर्व्हरांवर नववर्षाच्या शुभेच्छा अचानक संशयास्पद ठरू लागल्या. संशय घेणारा होता स्पॅमअसॅसिन: जस्टिन मेसन यांनी २००१ साली लोकांपुढे ठेवलेला आणि पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेलेला, पर्ल भाषेतला ओपन सोर्स फिल्टर. पत्रांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्यावर त्या दिवसाची खरी तारीख होती.

या फिल्टरची रीत सरळ आहे. नियम शेकडो, प्रत्येकाला गुण, आणि बेरीज पाच भरली की पत्र स्पॅम. त्यांतला एक नियम सांगत होता की तारखेत २०१० ते २०९९ मधलं साल दिसलं, तर ती भविष्यातली तारीख, म्हणजे लबाडी. नियम लिहिला गेला तेव्हा त्यात काहीच चूक नव्हती.

मला त्या नियमापेक्षा त्याचे गुण अधिक बोलके वाटतात. ते कुणी मनाला येईल तसे दिलेले नव्हते. स्वयंसेवक आपलं टपाल स्वतः चाळून चांगलं आणि स्पॅम असं वेगळं करतात, त्यावर सगळे नियम चालवून पाहतात आणि फक्त निकाल पाठवतात, पत्रं नाही. त्यावरून गणित गुण काढतं. आता २०१० च्या आधी जमवलेल्या टपालात २०१० ची तारीख असलेलं सज्जन पत्र सापडणार कुठून? गणिताने या नियमाला नेहमीच्या मांडणीत तीनहून अधिक गुण देऊन टाकले. साक्षीदार सगळे खरं बोलले आणि निकाल तरी चुकला. असा बग कोडची ओळ न् ओळ तपासूनही सहज हाती लागत नाही, कारण चूक ओळीत नसून कॅलेंडरात दबा धरून बसलेली असते.

शिवाय फिल्टरची चूक बोंब मारत नाही. स्पॅम आत शिरला तर माणूस चिडतो, तक्रार करतो. चांगलं पत्र अडलं तर पाठवणाऱ्याला वाटतं समोरच्याने उत्तर दिलं नाही, आणि समोरच्याला पत्र आल्याचा पत्ताच नसतो. पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली संभाव्यतेवर चालणाऱ्या फिल्टरची आपली योजना मांडली, तेव्हा चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजदाद मुद्दाम दुप्पट धरली होती. दहा चोर सुटले तरी चालतील, पण एक साव अडकू नये, हा पक्षपात त्यांनी गणितातच घातला.

नियम उघडे ठेवले तर चोरही ते वाचणार, हा आक्षेप जुना आहे आणि खोटाही नाही. स्पॅम पाठवणारा हाच फिल्टर फुकट उतरवून घेऊन आपलं पत्र आधी त्यातून काढून पाहू शकतो. तरीही मी उघडेपणाच्याच बाजूने आहे. स्पॅमअसॅसिन पत्राच्या हेडरमध्ये एकूण गुण आणि लागू पडलेल्या नियमांची नावं लिहून ठेवतो. म्हणूनच त्या जानेवारीत कुणालाही हेडर उघडून गुन्हेगार नियमाचं नाव वाचता आलं. बंद दाराआडचे फिल्टर कदाचित अधिक हुशार असतील, पण ते शिक्षा सुनावतात आणि आरोपपत्र देत नाहीत.

चांगलं पत्र गुपचूप अडण्याचा हा धोका आपल्या मराठी पत्रांनाही आहे. याच फिल्टरला भाषा ओळखणारं एक जोडयंत्र लावता येतं, आणि कोणत्या भाषा चालतील हे सर्व्हर सांभाळणारा ठरवतो. त्याने फक्त इंग्रजी लिहिलं, तर आजोबांचं मराठी पत्र नातवाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पोचण्याआधीच गुण खाऊन बसतं. इथे बग कुठेच नाही. आहे ती एका माणसाने भरलेली एक ओळ.

२०१० च्या गोंधळातली खरी हळहळ वेगळीच आहे. ती चूक विकासकांना आधीच सापडली होती आणि पुढच्या आवृत्तीच्या कोडमध्ये दुरुस्तही झाली होती. लोक वापरत होते त्या आवृत्तीपर्यंत मात्र ती दुरुस्ती कुणी पोचवलीच नव्हती. वरातीमागून घोडं आलं ते १ जानेवारीलाच, तातडीच्या अपडेटमधून. आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर नियमातल्या एकाच्या जागी दोन. भविष्यकाळ आता २०२० पासून सुरू होणार होता.