मेलेल्या राजाला दिलेला शब्द

राजाच्या हयातीत दिलेला शब्द राजा गेल्यावर कोणाला आणि कुठवर बांधतो, हा गादीच्या भांडणांमागचा खरा नैतिक प्रश्न आहे. विषप्रयोग, हेर, फितुरी हा नुसता पसारा. राजकीय अद्भुतकथांमध्ये जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) या ग्रंथाने हा प्रश्न सर्वांत नेटाने लावून धरला आहे. ग्रंथाची घडण बखरीची आहे. वेस्टेरॉसच्या टार्गेरियन राजघराण्याचा इतिहास एक काल्पनिक पंडित एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षींवरून लिहितो. त्या साक्षींत एक धर्मगुरूची, एक दरबारी विदूषकाची आणि एक खुद्द कटात सामील असलेल्या राजवैद्याची.

भांडणाचे बीज दोन घटनांत आहे. घराण्याच्या शकाच्या १०१ व्या वर्षी म्हाताऱ्या जेहेरिस राजाने वारस ठरवण्यासाठी सरदारांची महासभा भरवली. सभेने व्हिसेरिसला निवडले आणि राजाची नात रेनिस हिच्या मुलाचा दावा डावलला. यातून पायंडा पडला, की गादी स्त्रीकडे जात नाही आणि स्त्रीमार्फतही जात नाही. पुढे गादीवर आलेल्या याच व्हिसेरिसने १०५ मध्ये आपली मुलगी रेनिरा हिला वारस जाहीर केले आणि सरदारांकडून तशी शपथ घेतली. नंतर त्याला दुसऱ्या राणीपासून, अ‍ॅलिसेंटपासून, मुलगे झाले. तरी त्याने शब्द फिरवला नाही, आणि शपथ नव्याने घेण्याची तसदीही घेतली नाही. ज्या पायंड्याने स्वतःला गादी मिळाली तोच मोडून त्याने मुलीला गादी देऊ केली, ही विसंगती त्याला आयुष्यभर बोचलेली दिसत नाही.

१२९ मध्ये राजा झोपेतच गेला. राणीने मृत्यूची बातमी दाबली, शयनगृहावर पहारा बसवला आणि मध्यरात्री मंत्र्यांना बोलावले. त्या खोलीतला वाद हा साऱ्या ग्रंथाचा कणा आहे. म्हातारा कोषप्रमुख लायमन बीसबरी म्हणतो, रेनिरा थोरली आहे, राजाने तिला नेमले आहे, शेकडो सरदारांनी शपथ घेतली आहे. मग चर्चा कसली? न्यायखात्याचा जॅस्पर वाइल्ड १०१ च्या सभेचा दाखला काढतो. टायलंड लॅनिस्टर निराळाच मुद्दा मांडतो. शपथेला चोवीस वर्षे झाली, ती घेणारे कित्येक मेले आणि आपण तर तेव्हा पोर होतो. म्हणजे शब्द दिला कोणी आणि पाळायचा कोणी? बीसबरी ऐकत नाही. त्याचे पुढे काय झाले यावर साक्षी फुटतात. कोणी म्हणते तिथेच गळा चिरला, कोणी म्हणते खिडकीतून फेकला, कोणी म्हणते अंधारकोठडीत सर्दीतापाने मेला. म्हातारा वाचला नाही, एवढ्यावर मात्र तिघांचे एकमत आहे.

बीसबरी आणि वाइल्ड यांचे मुद्दे एकमेकांवर मात करू शकत नाहीत, कारण त्यांची जात वेगळी आहे. एक राजाच्या इच्छेवर उभा आहे, दुसरा रूढीवर. थॉमस हॉब्ज याने ‘लेव्हायथन’ (१६५१) मध्ये निकाल सरळ राजाच्या पारड्यात टाकला होता. वारस नेमण्याचा अधिकार राजाचाच, आणि त्याने स्पष्ट काही ठरवले नसेल तरच रूढी बघायची. शपथेविषयी तर त्याचे मत असे, की ती मूळ बांधिलकीत काहीच भर घालत नाही; करार वैध असेल तर शपथेवाचूनही बांधतो आणि वैध नसेल तर शपथेनेही बांधत नाही. हॉब्जच्या हिशेबाने बीसबरी जिंकतो. पण त्या खोलीतल्या वादाने त्याचा जीव घेतला. राजाची इच्छा अमलात आणणारा राजाच उरलेला नाही, ही अडचण हॉब्जच्या सूत्राने सुटत नाही.

टायलंडचा मुद्दा चोरवाटेसारखा वाटतो, पण खोल तोच आहे. महाभारताने तो आदिपर्वातच ओळखला होता. सत्यवतीच्या मुलाला राज्य देण्याचे वचन देवव्रत देतो तेव्हा दाशराजाची हरकत नेमकी हीच असते. तू शब्द पाळशील याबद्दल शंका नाही, पण तुझ्या मुलांचे काय? देवव्रत ही फट बुजवतो ती आजन्म ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेने, शब्द मोडू शकेल असा वंशच होऊ न देऊन. पिढी ओलांडणारा शब्द इतका महाग पडतो. पुढे विचित्रवीर्य निपुत्रिक मेला, नियोग झाला, धृतराष्ट्र आणि पंडू जन्मले आणि गादीचा गुंता दुसऱ्या दाराने परत आला. शपथ मोडली तरच अनर्थ होतो असे नाही. अक्षरशः पाळली तरी होतो. वेस्टेरॉसमध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. बोरमंड बॅराथियन हा रेनिस आणि तिच्या मुलांचा खंदा पाठीराखा होता. त्याचा मुलगा बोरोस मात्र रेनिराच्या दूताला, तिच्याच कोवळ्या मुलाला, एवढेच विचारतो, की माझ्या कोणत्या मुलीशी लग्न करणार?

मार्टिन यांनी हे कथानक हवेतून आणलेले नाही. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून मेला. ११२७ मध्ये हेन्रीने सरदारांकडून मुलगी मटिल्डा हिच्यासाठी शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता. १ डिसेंबर ११३५ ला हेन्री वारला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला स्टीफनने मुकुट चढवून घेतला. राजाने मरताना सर्वांना शपथेतून मोकळे केले, अशी साक्ष ह्यू बिगॉड या सरदाराने दिली. तीवर विश्वास ठेवणे ज्याला सोयीचे होते त्याने ठेवला. ११३९ मध्ये प्रकरण रोममध्ये पोपपुढे गेले. स्टीफनच्या वकिलांनी सांगितले, की शपथ जबरदस्तीने घेतलेली होती. शिवाय मटिल्डाची आई पूर्वी मठात राहिलेली, तेव्हा तिचा विवाहच अवैध आणि मुलगी अनौरस. खोटी शपथ हे त्या काळच्या ख्रिस्ती समजुतीत महापाप. म्हणून शपथ मोडली असे स्टीफनच्या बाजूचे कोणी म्हणत नव्हते, ती मुळात लागूच नव्हती असे म्हणत होते. पोपने स्टीफनविरुद्ध निकाल दिला नाही.

अधिकार हा निव्वळ बळाचा खेळ असता, तर एवढ्या युक्तिवादांची गरज कोणाला होती? डेव्हिड ह्यूमचे म्हणणे होते, की संख्याबळ नेहमी प्रजेकडे असते, म्हणून राज्यकर्त्यांचा आधार शेवटी लोकांच्या मतावरच असतो. अ‍ॅलिसेंटच्या मंत्र्यांना ते न वाचताही कळते. प्रेत सुमारे आठवडाभर कुजत पडते, तोवर विरोधातले लोक उचलले जातात. पण अ‍ॅलिसेंटचा मुलगा एगॉन याचा अभिषेक मात्र यथासांग होतो. कपाळाला पवित्र तेल लागते, आणि कपाटातून विजेत्या पूर्वजाचा जुना मुकुट काढला जातो.

सर्वांत बोलकी गोष्ट मात्र मंत्र्यांच्या त्या मध्यरात्रीच्या बैठकीतच घडते. शपथ मोडण्याचे ठरल्यावर लॅरिस स्ट्राँग हा मंत्री खंजिराने आपला तळहात चिरतो आणि सारे मंत्री रक्ताची शपथ घेतात. शपथेला काही अर्थ नाही हे नुकतेच सिद्ध केलेल्या माणसांना एकमेकांवर भरवसा ठेवायला शपथेखेरीज दुसरे साधन सापडत नाही. हॉब्जचे मत इथे अपुरे पडते. शपथ बांधिलकीत भर घालत नसेलही, पण बांधिलकी उघड्यावर आणते. ती घेणाऱ्याला पुढे ‘मी असे कधी म्हटलेच नव्हते’ म्हणण्याची सोय उरत नाही. टायलंडला ती सोय उरली, कारण १०५ मध्ये त्याच्याकडून कोणी काही वदवून घेतलेच नव्हते. चूक शपथेची नव्हे, तिच्यावर विसंबून चोवीस वर्षे स्वस्थ बसलेल्या व्हिसेरिसची होती.

रेनिरा आणि एगॉन यांच्यात पेटलेले युद्ध १३१ पर्यंत चालले. रेनिरा भावाच्या ड्रॅगनच्या तोंडी गेली, तिचा भाऊ दुसरा एगॉन विषाने मेला आणि घराण्याचे बहुतेक ड्रॅगन संपले. गादीवर रेनिराचा मुलगा तिसरा एगॉन बसला आणि त्याचे लग्न दुसऱ्या एगॉनच्या मुलीशी लावण्यात आले. इंग्लंडमध्येही ११५३ च्या तहाने स्टीफननंतरचे राज्य मटिल्डाच्या मुलाला दिले आणि पुढच्याच वर्षी तो दुसरा हेन्री म्हणून गादीवर आला. दोन्हीकडे वंश आईचा चालला, पण राजांच्या यादीत आईचे नाव नाही. कोणाचा दावा खरा होता याचा निवाडा एकीकडेही झाला नाही. तरीही वेस्टेरॉसमध्ये १७१ साली बेलॉर राजा निपुत्रिक वारल्यावर त्याची बहीण डेना हिला डावलून चुलत्याला गादी द्यायची वेळ आली, तेव्हा १०१ ची सभा आणि रेनिराची गत हे दोन्ही दाखले पुढे करण्यात आले.